वेगमर्यादेच्या पाटीवरचा आकडा नक्की येतो कुठून?

सायलेन्सर (धागाकर्ता)

राम राम मंडळी,

मराठवाड्यातल्या एका चौपदरी महामार्गावरून आमचं नेहमीचं येणं-जाणं आहे. मध्ये दुभाजक, त्यात कण्हेर, डांबर चांगलं. तिथे आधी ८० ची पाटी लागते. तिच्यापासून हाकेच्या अंतरावर ४० ची, तिची लाल कड उन्हाने गुलाबी झालेली आणि अर्धी पाटी कण्हेरीत गेलेली. तिथे ना शाळा, ना चौक, ना वळण. त्यानंतर कितीतरी अंतर पाटीच नाही आणि मग एकदम १००! वर आमची नवी गाडी ८० ओलांडले की टुकटुक करायला लागते, पाटीवर १०० असले तरी.

तर हा आकडा ठरवतं कोण आणि कशावरून? पाटीच नसेल तर किती धरायचे? कॅमेऱ्याने फोटो काढला तर यातला कुठला आकडा खरा मानतात?

"हळू चालवा, घरी कोणीतरी वाट बघतंय" छाप प्रतिसाद कृपया नकोत. ते ट्रकच्या मागे वाचून पाठ झालेत.

तिसरी लेन

पाटी ज्याच्या टेम्पोत असते तो ठरवतो. धागा संपला, दिवे मालवा.

काळा कोट

तिसरी लेन, अगदीच चूक नाही म्हणा, पण कागदावर गोष्ट वेगळी आहे.

मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२. त्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली केंद्राची. केंद्र सरकार अधिसूचना काढून कमाल वेग ठरवते, वाहन कुठले आणि रस्ता कुठला हे बघून. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेत कारला द्रुतगती मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर १००, पालिका हद्दीत आणि बाकी सगळीकडे ७०. बसला याच क्रमाने १००, ९०, ६०. मालवाहू वाहनाला ८०, ८०, ६०. मोटारसायकलला चौपदरीवर ८०, इतरत्र ६०. रिक्षाला ५०. म्हणजे एकाच रस्त्यावर एकाच वेळी चार-पाच वेगमर्यादा चालू असतात आणि पाटीवर जागा असते एका आकड्याला. निम्मा घोळ इथेच आहे.

दुसरी पायरी राज्याची. राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षितता, सोय, किंवा त्या रस्त्याचे वा पुलाचे स्वरूप बघून मर्यादा आणखी खाली आणू शकतो. केंद्राच्या वर नेऊ शकत नाही. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि कलम ११६ प्रमाणे जागेवर पाटीही लागते. दोन्ही. नुसती पाटी किंवा नुसता कागद पुरत नाही.

म्हणून सायलेन्सर यांच्या प्रश्नाचे उत्तर: पाटी नसेल तर केंद्राचा तक्ता. "पाटी दिसली नाही म्हणून मर्यादाच नव्हती" हे चालत नाही. दंड कलम १८३ खाली, हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये, मध्यम आणि जड वाहनाला २००० ते ४०००.

अवांतर: हीच २०१८ ची अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द ठरवली. अपघात वाढत असताना वेग वाढवता कसा, असा सूर होता. तरी समृद्धीवरच्या १२० सकट आपल्याकडच्या पाट्या तिच्याच आकड्यांवर उभ्या आहेत.

बुलेटराजा

म्हणजे दुपदरी रस्त्यावर मोकळे रान असले तरी बुलेटला ६० आणि त्याच रस्त्यावर शेजारच्याच्या अल्टोला ७०? हा अन्याय आहे.

काळा कोट

अल्टोला पत्रा आहे, तुम्हाला बरगड्या.

खडीकाम

वाचनमात्र होतो, पण विषय आमचा निघाला. रस्त्याच्या कामात हयात गेली, आता निवृत्त आहे. कायद्याची बाजू काळा कोट यांनी मांडली. खालच्या मातीची मी मांडतो.

रस्ता आखतानाच एक वेग धरावा लागतो. त्याला आम्ही संकल्पित वेग म्हणतो, साइटवर सगळे डिझाइन स्पीडच म्हणतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था) संहितेत राष्ट्रीय महामार्गाला सपाट मुलखात १०० धरायचा, डोंगरात ५०, अगदी खड्या डोंगरात ४०. हा आकडा एकदा धरला की बाकी सगळे त्याच्या मागून येते. वळण किती त्रिज्येचे, बाहेरची कड किती उचलायची, चढावरून पलीकडचे किती दिसले पाहिजे.

वळणाचे सांगतो. १०० च्या वेगाला, कड ७ टक्के उचलली तरी, साधारण ३६० मीटर त्रिज्या लागते. ८० ला २३० पुरते. घाटात कड १० टक्क्यांपर्यंत उचलता येते, तेव्हा ५० च्या वेगाला ८० मीटरचे वळण बसते. आता समजा भूसंपादनात कोणाची विहीर आडवी आली, देऊळ आले, कोर्टाची स्थगिती आली आणि ३६० च्या जागी २०० मीटरचे वळण पदरात पडले. उरलेला रस्ता १०० चा, ते एक वळण ७०-७५ चे. तिथे पाटी येणार. तुम्हाला गाडीतून वळण जाणवतही नाही, कारण कोरड्या दिवसा टायर सांभाळून घेतो. पहिल्या पावसात, डांबरावर तेलाचा थर तरंगत असताना, तो घेत नाही.

दुसरी गोष्ट दिसण्याची. समोर काही आडवे आले, डोळ्याने पाहिले, डोक्याने ठरवले, पाय ब्रेकवर गेला, याला संहिता अडीच सेकंद देते. ८० च्या वेगात त्या अडीच सेकंदांत ५५ मीटर निघून गेलेले असतात आणि ब्रेक अजून लागलेलाच नसतो. थांबायला लागणारे एकूण अंतर धरतात ते असे: ४० ला ४५ मीटर, ६० ला ८०, ८० ला १२०, १०० ला १८०. वेग अडीच पट, अंतर चौपट. कारण ब्रेकचे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते. त्यामुळे जिथे उंचवट्यामुळे पुढचे ८० मीटरच दिसते, तिथे सरळ रस्ता असला तरी ६० लागणार. सायलेन्सर, तुमच्या ४० च्या पाटीपाशी एखादा चढ आहे का बघा. किंवा दुभाजक फोडून कोणी शेतात जायची वाट केली आहे का.

बाकी ती पाटी काम चालू असतानाची, ठेकेदार न्यायची विसरला, ही शक्यता सर्वात मोठी. वळणरस्ता (डायव्हर्जन) करताना २०, ३०, ४० च्या पाट्या लागतात आणि काम संपले तरी वर्षानुवर्षे तिथेच गंजत राहतात. वाईट याचे की लोकांना खोट्या ४० ची सवय लागते आणि मग खरा ४० आला तरी पाय उचलत नाहीत.

रातराणी एक्स्प्रेस

माहितीपूर्ण. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शंका: समृद्धी म्हणे १५० साठी बांधलाय. मग पाटी १२० ची का? ७०१ किलोमीटर सरळसोट. ३० वर मुद्दाम पाणी सोडलं का?

खडीकाम

रातराणी, १५० ही रस्त्याच्या भूमितीची ताकद झाली. वळणे, चढ, दृष्टी, एवढ्यापुरती. तुमच्या टायरची, तुमच्या झोपेची आणि मध्येच आलेल्या रानडुकराची हमी त्यात नाही. पाटी शक्यतो संकल्पित वेगाच्या खाली ठेवायची, मध्ये राखीव हवी. सिमेंटच्या रस्त्यावर उन्हात तासन्तास १२० ने टायर तापतो, आणि जुना, हवा कमी असलेला टायर असेल तर तो फुटायला निमित्त लागत नाही. सरळ रस्त्याला तर स्वतःचा एक रोग आहे. काही घडतच नाही, डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो.

कॅलिफोर्नियाकर

इकडची पद्धत उलटी आहे म्हणून लिहितोय. कॅलिफोर्नियात बऱ्याच रस्त्यांवर आधी लोक किती वेगाने जातात ते मोजतात. रस्ता मोकळा असताना गाड्यांचे वेग घ्यायचे, चढत्या क्रमाने लावायचे, आणि शंभरातल्या पंचाऐंशी गाड्या ज्या वेगाला किंवा त्याखाली आहेत तो आकडा धरायचा. त्याच्या जवळपासची पाचाच्या पटीतली संख्या पाटीवर. तर्क असा की बहुसंख्य लोक शहाणे असतात आणि रस्ता बघूनच पाय ठेवतात, मग कायद्याने त्यांना गुन्हेगार कशाला करायचे.

याला दातही आहेत. अशा रस्त्यावर मुदतीतला सर्व्हे नसेल तर रडारने पकडलेलं चलन कोर्टात टिकत नाही. कायद्यात त्याला वेगाचा सापळा असंच म्हटलंय. वरून आकडा लादण्याचा प्रयोगही या देशाने करून पाहिला. तेलटंचाईनंतर १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैल. लोकांनी मनापासून पाळला नाही, १९९५ मध्ये केंद्राने सोडून दिला.

आपल्याकडे असे मोजमाप करून पाट्या लावल्या तर निम्मे वाद मिटतील असे माझे मत.

खडीकाम

कॅलिफोर्नियाकर, हे आम्हीही कॉलेजात शिकलो. स्पॉट स्पीड सर्व्हे. पंच्याऐंशीवा शतमक (शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्याच्या आत असतात तो वेग) कमाल मर्यादेसाठी, अठ्ठ्याण्णवावा संकल्पित वेगासाठी, पंधरावा किमान वेगासाठी. सोपे गणित आहे.

पण त्यात एक गृहीत आहे: रस्त्यावर साधारण एकाच जातीची वाहने आहेत. आता डिसेंबरात फलटण-बारामती पट्ट्यात उभे राहा. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, गाणी मात्र जोरात. त्याच्या मागे एसटी, तिच्या मागे एसयूव्ही, आणि समोरून उलट्या दिशेने दुधाच्या कॅन लावलेली मोटारसायकल, कारण दुभाजकातला पुढचा कट दोन किलोमीटरवर आहे. इथला पंच्याऐंशीवा शतमक कोणाचा काढायचा? एसयूव्हीवाल्यांचा ९५ निघेल. तो लावला तर ट्रॅक्टरवाल्याच्या पाठीमागचा फरक ७०-७५ चा झाला. माणसे मरतात ती या फरकाने.

कॅलिफोर्नियाकर

मान्य, अर्धे. इथेही पायी चालणाऱ्यांच्या बाजूने ओरड झालीच. सगळेच थोडे जोरात चालवू लागले की पुढच्या सर्व्हेत मर्यादा आपोआप वर सरकते, मग त्याहून जोरात. २०२१ मध्ये राज्याने कायदा बदलून शहरांना त्या आकड्याखाली जायची जास्त मोकळीक दिली. पण निदान आकड्यामागे एक कागद असतो, तो मागता येतो. एवढेच म्हणायचे होते.

टाकेवाली

कॅज्युअल्टीत काम करते, म्हणून दोनच गोष्टी.

पायी चालणाऱ्याला ३० च्या वेगाने धडक बसली तर बहुतेक वेळा माणूस हाडे मोडून का होईना आमच्यापर्यंत जिवंत येतो. ५० च्या पुढे चित्र भराभर बदलते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना जिथे माणसे आणि गाड्या एकत्र वावरतात तिथे ३० सांगते. आपल्या तक्त्यात पालिका हद्दीत कारला ७० आहे. सत्तर! मंडई, शाळा, बसस्टॉप असलेल्या हद्दीत. शहराने स्वतः खाली आणला नाही तर कायदेशीर ७०. या धाग्यात घाटातल्या ६० वर सगळे चिडतील, या ७० वर कोणी नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. शंभर किलोमीटर ८० ने गेलात तर सव्वा तास, १०० ने एक तास, १२० ने पन्नास मिनिटे. प्रत्येक पुढच्या वीसला मिळणारी मिनिटे कमी होत जातात आणि धडकेची ताकद वाढत जाते.

खंडाळ्याचा वारा

टाकेवाली ताईंनी विषय काढलाच आहे तर चिडतो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, २००२ पासून पूर्ण चालू. बरीच वर्षे कारला ८० होते, मग १०० झाले. बोरघाटात आधी ५०, नंतर कारला ६० आणि जड वाहनाला ४०. तीन लेन, दुभाजक, कुंपण, दुचाकी नाही, ट्रॅक्टर नाही, माणूस नाही. खडीकाम साहेबांचा एकही मुद्दा तिथे लागू नाही. २०२४ पासून सगळीकडे कॅमेरे. १०० वरून ६० वर यायचे म्हणजे मागचा हॉर्न देत अंगावर येतो. बरे, उतारावर गाडी आपोआप ८० पकडते. हा महसूल गोळा करायचा धंदा आहे, दुसरे काही नाही.

क्लीनर ते ड्रायव्हर

वारा भाऊ, मी त्याच घाटात लोड घेऊन उतरतो म्हणून सांगतो.

लोड गाडीला एकच नियम, ज्या गिअरने चढायचं त्याच गिअरने उतरायचं. इंजिन गाडी धरून ठेवतं, ब्रेक नुसता मदतीला. तसं उतरलं तर स्पीड ३०-४० च्या वर जातच नाही. पण डिझेल वाचवायला काही जण न्यूट्रल टाकतात. मग पूर्ण वजन ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात, जळका वास केबिनमध्ये येतो, मग पायाला पेडल कडक लागतं पण गाडी थांबत नाही. परत परत दाबलं की ब्रेकच्या टाकीतला एअर उतरतो. तिथून पुढे ड्रायव्हरच्या हातात फक्त स्टिअरिंग राहतं. पुण्यात कात्रजच्या बोगद्याकडून नवले पुलाकडे उतरताना तोच प्रकार. नोव्हेंबर २०२२ ला एका गाडीने तिथे पंचेचाळीसच्या वर गाड्या उडवल्या.

आता तुम्ही ८०-९० ने येता, मी ३५ ने, आणि मला ओव्हरटेक करणारा दुसरा ट्रक ३८ ने मधल्या लेनमध्ये. वळणाच्या पलीकडे तो तुम्हाला दिसत नाही. ६० तुमच्या गाडीसाठी नाही, माझ्या गाडीमुळे आहे.

पण ४० जड वाहनाला चढावर ठीक, उतारावर रिकाम्या गाडीला ४० ठेवणं पण त्रासाचं आहे हे माझं मत. मागे लाईन लागते.

तिसरी लेन

दंडवत. या धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद.

वारा, घाटाचा टप्पा समजा दहा किलोमीटर. ६० ने दहा मिनिटं, ८० ने साडेसात. अडीच मिनिटांसाठी एवढा तळतळाट? फूडमॉलला वडापावच्या रांगेत त्याहून जास्त उभे राहता.

खंडाळ्याचा वारा

अडीच मिनिटांचा प्रश्न नाही, १०० वरून थेट ६० चा आहे. मध्ये ८० ची पाटी आधी, मग ६०, अशी उतरंड ठेवा. क्लीनर भाऊंचा मुद्दा पटला, कॅमेऱ्याचा नाही.

खडीकाम

उतरंडीचे वारा बरोबर बोलतात. मोठा फरक टप्प्याटप्प्याने आणायचा, हे पाठ्यपुस्तकातले आहे. नवीन कामांत ते थोडे दिसते. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर सरळ भागात ८०, बोगद्यात ६०, वळणावर आणि चढ-उताराच्या मार्गिकांवर ४०. अटल सेतूवर १००, पण रॅम्पवर ४०. जागा बदलली की आकडा बदलतो आणि का बदलला ते चालकाला डोळ्यांनी दिसते. पाटी पटली की माणूस पाळतो.

शिळी बातमी

मी थोडा विरोधी सूर लावतो. २०२२ चा केंद्राचा अहवाल: ४,६१,३१२ अपघात, १,६८,४९१ मृत्यू, आणि ७० टक्क्यांहून जास्त अपघातांचे कारण अतिवेग. हा आकडा सगळीकडे फेकला जातो. पण येतो कुठून? पोलिसांच्या कागदातून. आणि कुठल्याही ठाण्याची फिर्याद काढा, वाक्य ठरलेले: "रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून हयगयीने, अविचाराने व भरधाव वेगात चालवून". खड्ड्यात पडून मेलेला सायकलस्वारही भरधाव असतो. बहुतेक अपघातांत वेग कोणी मोजलेला नसतो. त्यामुळे वळण चुकीचे होते, कठडा नव्हता, दिवा नव्हता, हे सगळे त्या एका शब्दाखाली दडपते.

वेग मारत नाही असे म्हणत नाहीये. पण रस्ता बांधणाऱ्याची चूक ४० ची पाटी लावून झाकायची, आणि मग अपघात झाला की "पाटी होती की" म्हणायचे, ही सोय फार आहे.

टाकेवाली

शिळी बातमी, सहमत, आणि तरीही. आमच्याकडे येणाऱ्याला कठडा नसल्यामुळे लागले असो की आणखी कशाने, आत किती फुटले हे वेगावरूनच ठरते.

स्टुटगार्टचा गणपा

ऑटोबानचा उल्लेख अजून कसा नाही! इथे सगळ्यांना वाटते जर्मनीत मर्यादाच नाही. बऱ्याच लांबीवर आहे, आणि जिथे नाही तिथे १९७८ पासून १३० ची शिफारस आहे. सक्ती नाही. पण २०० ने जाताना दुसऱ्याच्या चुकीने अपघात झाला तरी नुकसानीतला थोडा वाटा तुमच्या गळ्यात पडू शकतो, कारण १३० ने असता तर कदाचित टळला असता.

मला मात्र दुसरीच गोष्ट आवडते. गावाच्या नावाची पिवळी पाटी लागली की आपोआप ५०, वेगळी पाटी लावायची गरजच नाही. गाव संपल्याची तिरकी रेघ मारलेली पाटी आली की ती ५० ची मर्यादा सुटली. आपल्याकडे मर्यादा सुरू होते ते सांगतात, संपते कुठे ते कोणी सांगत नाही.

काळा कोट

गणपा, मर्यादा संपल्याची पाटी आपल्याकडेही आहे हो. फक्त लावत नाहीत.

सायलेन्सर

मंडळी, अपेक्षेपेक्षा खूप जास्त मिळाले. दोन उपप्रश्न राहिले. ती ८० ची टुकटुक? आणि फोनचा नकाशा नेहमी गाडीपेक्षा पाच-सहा कमी दाखवतो, कॅमेरा कोणाचे ऐकतो?

तिसरी लेन

टुकटुक: १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्ती. ८० नंतर थांबून थांबून, १२० नंतर अखंड. तिचा पाटीशी काही संबंध नाही, तिला ४० चा घाटही कळत नाही.

मीटर: नियमच असा की मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचे नाही, थोडे जास्त चालेल. म्हणून कंपन्या जास्तच ठेवतात. मीटर १०० म्हणतो तेव्हा गाडी बहुधा ९४-९५ ने असते. कॅमेरा दोघांचेही ऐकत नाही, तो स्वतः मोजतो. यावर विसंबून वर जाऊ नका, टायर बदलून मोठे टाकले असतील तर हिशेब उलटा होतो.

बुलेटराजा

अवांतर, पण विचारतोच. आमच्या कॉलनीच्या तोंडाशी पोरांनी वर्गणी काढून गतिरोधक घातलाय. बुलेटचा सायलेन्सर घासतो (धागाकर्ते नव्हे). हा पण वेगमर्यादेतच आला ना? तक्रार कुठे करायची?

खडीकाम

आला. संहितेतला गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच, गोलसर, तो २५ च्या वेगाने आरामात पार व्हावा असा. वर रंगाचे पट्टे, आधी सूचनेची पाटी. तुमच्याकडचा हातभर रुंद आणि वीतभर उंच असणार.

आधी रस्ता कोणाचा ते बघा. किलोमीटरच्या दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, १०३३ ला फोन लागतो. हिरवे असेल तर राज्य महामार्ग, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या उपविभागात लेखी अर्ज. कॉलनीतला असेल तर पालिकेचा रस्ते विभाग. जिल्हाधिकाऱ्यांची जिल्हा रस्ता सुरक्षा समिती असते, तिला प्रत द्या. अर्जाला पोच घ्या, आणि गतिरोधकावर मोजपट्टी ठेवून फोटो जोडा. "उंच आहे" असे नुसते लिहिले तर कोणी हलत नाही.

बुलेटराजा

वर्गणी काढणाऱ्यांत आमचे धाकटे बंधूही आहेत. अर्ज निनावी चालतो का?